पंखा तर फिरून राहिला होता

तुम्ही खोटं बोललात, साहेब. तुम्ही कोण, कुठे बसता, तुमच्या डोक्यावर एसी आहे की नाही, आम्हाला ठाऊक नाही. पण कॉम्प्युटर सुरू करताच काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तुम्ही लिहून ठेवलंत की आतला पंखा बिघडला आहे, आणि पंखा तर फिरून राहिला होता. केवलरामनं कॉम्प्युटरचा डबा उघडून, गुडघ्यावर बसून, चष्मा पुसून पाहिला. तरी खात्री पटेना म्हणून बोट घातलं. बोट कापलं. बंद पंख्यानं कोणाचं बोट कापल्याचं आजवर कोणी ऐकलेलं नाही. हा पुरावा आधी नोंदवून घ्या.

आणि खोटं बोललात ते बोललात, खालच्याच ओळीत लिहिलंत: पुढे जायचं असेल तर एफ वन दाबा. ही कोणती रीत? घराला आग लागली आहे, झोपायचं असेल तर कूस बदला! बिघाड असेल तर पुढे का जाऊ देता, आणि नसेल तर सकाळी सकाळी माणसाच्या काळजाला घोर का लावता? दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगायला तुम्हाला काही वाटत नाही?

केवलरामला वाटलं. केवलराम मूळ आमगावकडचा, आता हिंदी मुलखात, दुर्गजवळच्या वैशाली नगरात दोन खोल्या आणि एक पेरूचं झाड यांचा मालक. औद्योगिक वसाहतीतल्या लोखंड ओतणाऱ्या एका ढलाई कारखान्यात त्यानं एकतीस वर्षं सेन्सर सांभाळले. भट्टी जास्त तापली, पाणी कमी झालं, हवा अडली की भोंगा वाजवायचा, हे सेन्सरचं काम. भोंगा वाजला की पळत जाऊन तो बंद करायचा, हे केवलरामचं. शंभरातून नव्व्याण्णव वेळा खोट सेन्सरमध्येच निघे. त्याच्यावर धूळ बसलेली असे, नाही तर उंदरानं तार खाल्लेली असे. मग केवलराम खिशातून तारेचा तुकडा काढी, दोन टोकं परस्पर जोडून देई आणि भोंगा चूप. याला तिकडे जंपर मारणं म्हणतात. असा जंपर मारला की सेन्सर बसतो बाहेर, आणि मशीन समजतं सगळं आबादीआबाद आहे. काम थांबत नाही, साहेब खुश. केवलरामच्या खिशात रुमाल नसला तरी तारेचा तुकडा असायचाच. निवृत्त झाला तेव्हा शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ तिसऱ्या महिन्यात बंद पडलं. आधी काही इशारा दिला नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

कॉम्प्युटर त्याचा नव्हता. तो अंजनाबाईचा. बावन्नाव्या वर्षी ती टायपिंग शिकली आणि दोन-चार वर्षांत वैशाली नगरपासून खुर्सीपारपर्यंतच्या बायांचे अर्ज लिहायला लागली. कोणाचं नाव चुकलेलं, कोणाचं आधार अडकलेलं. लोक म्हणायचे, अंजनाबाईचा अर्ज गेला की साहेब चष्मा लावून वाचतो. घरात बसून तिनं एक कचेरी चालवली, फक्त हिच्या कचेरीत काम व्हायचं.

मागच्याच्या मागच्या दिवाळीच्या साफसफाईपासून तिच्या कॉम्प्युटरवर ती पंख्याची ओळ यायला लागली. अंजनाबाई आतून ओरडायची, "अवो, हे पंखा-पंखा करून राहिलं."

केवलराम पेपरमधून डोकं न काढता म्हणायचा, "फिरून राहिला नं पंखा? मग सेन्सर खराब आहे. एफ वन दाब."

ती दाबायची. रोज सकाळी, अकरा महिने.

त्याच अकरा महिन्यांत कधीतरी ती म्हणाली, "अवो, जिना चढली का छातीत भरल्यासारखं होते."

केवलराम हसला. गडी वाईट नव्हता. एकतीस वर्षांची सवय होती. "तुयाबी सेन्सर खराब झाला, अंजना. एफ वन दाब."

तीही हसली. असं दोन-तीनदा झालं. मग ती ते बोलायचीच बंद झाली, आणि केवलरामला वाटलं, बरं झालं, गेलं दुखणं. सत्तावीस सप्टेंबरला, रविवारी, पोहे परतता परतता ती ओट्यापाशी बसली ती उठली नाही. गॅस चालूच होता. तो केवलरामनं बंद केला. त्या दिवशी त्याला करता आलं ते एवढंच.

आता सांगा, जानेवारीत त्यानं पहिल्यांदा तो कॉम्प्युटर लावला आणि तीच ओळ समोर आली, तेव्हा या माणसानं एफ वन कोणत्या बोटानं दाबायचं?

त्यानं नाही दाबलं. वायर उपटली, आणि देवासमोर नाही, बंद पडलेल्या घड्याळासमोर उभं राहून ठरवलं की हा पंखा का ओरडतो हे कळल्याशिवाय त्या बटणाला हात लावायचा नाही.

गोष्ट इथेच संपली असती, पण दारात हिरा उभी होती.

हिरा खुर्सीपारची, विधवा, चार घरी पोळ्या करणारी. तिच्या रेशनकार्डावर तीन वर्षांपूर्वी मेलेला नवरा जिवंत होता आणि जिवंत हिरा मेलेली होती. नवऱ्याच्या अंगठ्याशिवाय चावल मिळेना. अंजनाबाईनं तिचा अर्ज लिहून, कागद जोडून कॉम्प्युटरात तयार ठेवला होता. गुरुवारी वॉर्डाच्या कचेरीत शिबिर होतं. तिथे अर्ज गेला तर हिरा पुन्हा जिवंत होणार होती, नाही तर पुढचं शिबिर कधी ते शिबिर भरवणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

"भाऊजी, कागद काढून द्या नं."

"देतो. पहिले पंख्याचं पाहू दे."

"पंख्याचं काय पाहता? बाईबी तं बटन दाबूनच काढे. मी पाहिलं नं."

"म्हनूनच," केवलराम म्हणाला. हिराला त्यातलं काही समजलं नाही. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं आपण चांगल्या घरातल्या बिघडलेल्या माणसाकडे पाहतो.

सोमवारी दयाराम आला. दयाराम त्याच कारखान्यातला जुना इलेक्ट्रिशियन. पाना-पेचकस घेतल्याशिवाय तो लग्नालाही जात नाही. त्यानं डब्याला कान लावला, डोळे मिटले आणि डॉक्टरसारखा गंभीर झाला.

"गरमी मागून राहिला हा."

"गरमी कोन मागते बे?"

"म्हनजे गरमी झाली त्याले. बाहेरून हवा दे, चूप होते."

घरातला टेबल फॅन आणून त्यानं डब्यासमोर पूर्ण वेगावर लावला. ओळ काही गेली नाही. अंजनाबाईच्या टेबलावरचे पाच वर्षांचे कागद मात्र उठले आणि खोलीभर फिरून पलंगाखाली, कपाटामागे, थेट अंगणातल्या पेरूत जाऊन बसले. दोन म्हातारे तासभर रांगत होते. दयारामच्या कमरेत उसण भरली. जाताना तो म्हणाला, "जंपर मारून दे न बे केवल्या. जिंदगीभर तेच केलं आपन."

केवलरामनं दयारामला फाटकापर्यंत हात धरून पोचवलं.

मंगळवारी शेजारच्या सिंधुताई आल्या. अंजनाबाईची बारा वर्षांची शेजारीण. दोघींमध्ये भिंत होती, ती फक्त वाटी ठेवायला. सप्टेंबरपासून या बाई केवलरामच्या घरी आल्या की काहीतरी सांगायला तोंड उघडायच्या, मग भलतंच बोलून निघून जायच्या. त्या दिवशीही तसंच झालं.

"भाऊजी, एक गोष्ट होती…" त्या म्हणाल्या, थांबल्या, आणि पदरातून लिंबू-मिरची काढली. "नजर लागली असन मशीनले. बाईचं लय नाव झालं होतं."

नाही म्हणायच्या आत त्यांनी ते उघड्या डब्यावर लटकवलं. केवलरामनं बटण दाबलं. पंखा फिरला, लोंबणारा दोरा त्यानं आत ओढला, मिरची घर्रकन अडकली आणि पंखा गप्पकन थांबला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पंखा खरोखर बंद पडला. आणि पडद्यावर काय आलं? तीच ओळ. एका अक्षराचा फरक नाही! फिरत होता तेव्हाही बिघडला, अडकला तेव्हाही बिघडला. साहेब, इथे आम्ही तुम्हाला हात जोडतो. असा एकसुरी माणूस सरकारी कचेरीतही सापडत नाही. केवलरामनं डोळे पुसले. सिंधुताईंना वाटलं मिरचीनं झोंबले. त्याला स्वतःलाही नक्की सांगता आलं नसतं.

बुधवारी तो डबा घेऊन धर्मेंद्रच्या दुकानात गेला. धर्मेंद्र कॉम्प्युटर विकतो, दुरुस्त करतो आणि गिऱ्हाइकाच्या अडाणीपणावर मोफत हसतो. त्यानं डबा उघडलासुद्धा नाही.

"अंकल, दो सेकंड का काम है. सेटिंग में जाके फॅन को इग्नोर कर देता हूँ. फिर कभी नहीं पूछेगा."

"पन पंखा चालू आहे ते त्याले कावून नाई दिसत?"

"अरे अंकल, आपको क्या करना है? वॉर्निंग बंद, टेंशन खतम."

"हात नको लावू," केवलराम इतक्या जोरात म्हणाला की समोरचा पानवाला बाहेर आला. "इग्नोर कराचं असतं तं मी घरीच केलं असतं. त्याच्यात माह्या हात धरनारा कोनी नाई."

धर्मेंद्रनं हात वर केले. "तो कंपनी के सेंटर में ले जाइए. दुर्ग, मोहन नगर."

डबा पुन्हा स्कूटरवर चढला. मागच्या सीटवर, अंजनाबाईच्या शालीनं बांधलेला. त्या सीटवर चार महिन्यांत कोणी बसलं नव्हतं. दुर्गच्या रस्त्यावर पहिला गतिरोधक आला आणि केवलरामच्या तोंडून निघून गेलं, "पकडून बस." पुढचा सगळा रस्ता त्यानं स्कूटर वीसच्या वर नेली नाही. मागून ट्रकवाले आईबहिणीचा उद्धार करत होते. करू द्या.

मोहन नगरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काचेमागे टाय घातलेला माणूस बसला होता. त्यानं बिल पाहिलं. "बिल तो अंजना देवी के नाम पे है. उनको ले आइए."

"ते नाई येऊ शकत."

"तो फोन पे बात करा दीजिए."

"गेली ते."

"कहाँ गई हैं? कब तक आएँगी?"

केवलरामनं सांगितलं. टायवाला ओशाळला, क्षणभर मान खाली घातली, आणि मान वर आली तेव्हा तिच्यात पुन्हा नियम बसला होता. "सिस्टम में ओटीपी तो उन्हीं के नंबर पे जाएगा, सर. उसके बिना शिकायत दर्ज नहीं होगी."

केवलरामनं सदऱ्याच्या खिशातून अंजनाबाईचा फोन काढला. फोन चालू होता. पूर्ण चार्ज होता. का, ते विचारू नका. फोन टुणकन वाजला आणि चार महिन्यांनी अंजनाबाईला निरोप आला: सहा आकडे, आणि खाली, हा क्रमांक कोणालाही सांगू नका. केवलराम त्या ओळीवर अडला. मग त्यानं काचेला तोंड लावून आकडे सांगितले, हळू, चोरी केल्यासारखे.

डबा आत गेला, वीस मिनिटांत बाहेर आला. "फॅन ओके है, सर. फॉल्स वॉर्निंग है. एफ वन दबा के चलाइए."

घरी पोचेपर्यंत अंजनाबाईच्या फोनवर दुसरा निरोप आला होता: आपली समस्या सोडवण्यात आली आहे. आपण समाधानी आहात का? समाधानी असाल तर एक दाबा.

फाटकावर हिरा वाट पाहत होती. अंधार पडायला लागला होता. उद्या गुरुवार.

"भाऊजी," ती म्हणाली. "तुमी जित्या मानसाले जितं करून राहिले नाई, अन् लोखंडाच्या पंख्यासाठी चार दिवस झाले फिरून राहिले. बाई असती तं तिनं मले असं उभं ठेवलं असतं का?"

केवलरामला थोबाडीत बसल्यासारखं झालं. खरंच होतं. त्यानं डबा टेबलावर ठेवला, बोट एफ वनवर नेलं. बोटावरची पट्टी अजून निघाली नव्हती. आणि मग म्हणाला, "हिरा, एक डाव टॉर्च धर. पाच मिनिटं. नाई सापडलं तं दाबतो. अंजनाची आन."

हिरानं टॉर्च धरली. केवलराम या चार दिवसांत पंख्याकडे पाहत होता. आता पहिल्यांदा तो पंख्यापासून निघणाऱ्या तारेमागे गेला. कारखान्यात त्याच्या उस्तादानं पहिल्याच दिवशी हेच शिकवलं होतं: मशीनकडे पाहू नको, तार कुठे जाते ते पाहा. जंपर मारता मारता तो ते विसरला होता. बारीक, चार रंगांची तार. ती मदरबोर्ड म्हणतात त्या मोठ्या पाटीवर चार बारीक खिळ्यांत बसवलेली होती. त्या खिळ्यांशेजारी अगदी तसेच दुसरे चार खिळे, रिकामे. त्यानं चष्म्यावर भिंग धरून खाली छापलेलं वाचलं. रिकामे होते ते या पंख्याचे. तार लागली होती ती शेजारच्या, दुसऱ्या पंख्यासाठी असलेल्या खिळ्यांत. तिथूनही वीज मिळत होती, म्हणून पंखा फिरत होता. पण मी फिरतो आहे ही खबर तो भलत्याच ठिकाणी देत होता. जिथे द्यायची तिथे काहीच पोचत नव्हतं, म्हणून ते ओरडत होतं. ते खोटं नव्हतं बोलत. त्याला कोणी काही सांगतच नव्हतं.

आणि ही तार तिथे लावली कोणी? दिवाळीच्या साफसफाईत डबा उघडून, ब्रशनं धूळ काढून, "झालं, फर्स्ट क्लास" म्हणत पुन्हा कोणी जोडली? या घरात डबा उघडायची अक्कल आपल्यालाच आहे असं मानणारा माणूस एकच होता.

केवलरामनं तार काढली, शेजारी लावली. बटण दाबलं. ओळ आली नाही. कॉम्प्युटर काही न बोलता सरळ उघडला, आणि पडद्यावर अंजनाबाईनं लावलेला पेरूच्या झाडाचा फोटो आला.

हिराचा अर्ज निघाला. पाच पानं, सगळे कागद जोडलेले, शेवटी अंजनाबाईचं नेहमीचं वाक्य: अर्जदार जिवंत असून समक्ष हजर आहे, कृपया मान वर करून पाहावे. हिरा ते छातीशी धरून रडत रडत गेली.

त्या अर्जाखालीच आणखी एक होता. त्याच्यावर नाव होतं: अंजना, दवाखाना.

तो कारखान्याच्या दवाखान्याला लिहिलेला होता. निवृत्तांच्या बायकांनाही तिथे तपासणी मिळते, हृदयाच्या तपासणीला अर्ज करून तारीख घ्यावी लागते. नऊ ऑगस्टला मेलनं पाठवलेला. दुसऱ्यांच्या दुखण्यावर पानंच्या पानं लिहिणाऱ्या बाईनं स्वतःसाठी साडेतीन ओळी लिहिल्या होत्या. जिना चढताना छाती भरते. डावा हात जड होतो. लवकरची तारीख द्यावी. संपर्कासाठी क्रमांक: आणि तिथे नंबर होता तो तिचा नव्हता, केवलरामचा नव्हता. तो सिंधुताईंचा होता.

केवलराम भिंतीपाशी गेला आणि हाक मारली. सिंधुताई आल्या. त्याच्या हातातला कागद पाहून त्यांना आता काही भलतं बोलायची गरज उरली नाही.

"मले कावून नाई सांगतलं तिनं?"

"तुमी हसता म्हनून." मग घाईघाईनं, "वाईट नाई म्हने ते तुमाले. म्हने, तारीख आली का सांगतो, तवा नाई हसनार."

"अन् फोन?"

"नाई आला, भाऊजी. देवाची आन. न्हानीत जातानाबी मी फोन संगं नेत होती. प्लास्टिकच्या पिशवीत घालून. पुरे पन्नास दिवस." त्या भिंतीला टेकल्या. "अजूनबी नेतो. सवय लागली."

अर्जाला दवाखान्याचं उत्तर आलेलं होतं, पाठवल्याच्याच मिनिटाला. मशीननं दिलेलं. आवेदन प्राप्त झालं आहे. दिलेल्या क्रमांकावर कळवण्यात येईल. कृपया या पत्राला उत्तर देऊ नये.

देऊ नये असं लिहिलं होतं, तिथेच केवलरामनं उत्तर दिलं. टायपिंग येत नाही, एकेक अक्षर शोधत, पट्टी बांधलेल्या बोटानं. दवाखान्याला मराठी येत नाही म्हणून हिंदीत लिहिलं. इथे आम्ही ते मराठीत देतो, आणि पहिल्या ओळीत ज्या साहेबाला खोटारडा म्हटलं त्याच्याकडून तो शब्द मागे घेतो. तो निदान ओरडत तरी होता. आता जे साहेब गप्प बसले, त्यांनी ऐकावं:

महोदय, अंजना केवलराम हिला छातीत दुखत होतं. पहिल्यांदा तिनं मला सांगितलं. मी बटण दाबलं आणि पुढे गेलो. माझं नाव, पत्ता खाली आहे, मी नाकारत नाही. दुसऱ्यांदा तिनं तुम्हाला सांगितलं, नऊ ऑगस्टला, लेखी. त्यानंतर ती एकोणपन्नास दिवस जिवंत होती आणि समक्ष हजर होती. तुमच्याकडे ते बटण कोणी दाबलं? मला त्याचं नाव पाहिजे. उत्तर द्या.